पद्मजाबाईंचे सहा सेकंद

कसबा पेठेतल्या मुलींच्या शाळेत पद्मजाबाई गणित शिकवत. शाळेची घंटासुद्धा त्यांच्या मनगटाकडे बघून वाजायची. म्हणून १९६९ साली ‘दख्खन सायकल फेरी’ निघाली, तेव्हा वेळ मोजायचं घड्याळ मंडळींनी त्यांच्याच हाती दिलं. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, परत सातारा आणि पुणे. चार दिवस, चार टप्पे. चारही दिवसांची बेरीज ज्याची कमी, तो विजेता. नियम सोपा होता, पण पुणेकरांना तो शेवटपर्यंत पटला नाही. जो पुढे आला तो जिंकला, त्यात गणित कसलं डोंबलाचं!

फेरी जेमतेम तीन वर्षं चालली. रस्त्यावर ट्रक इतके वाढले की चौथ्या वर्षी परवानगीच मिळाली नाही.

तिसऱ्या वर्षी बाईंचा धाकटा भाऊ श्रीधर उतरला. शेवटच्या सकाळी तो खडकीच्या कारखान्यातल्या गेनबापेक्षा एकूण पंधरा सेकंदांनी मागे होता. कात्रजचा घाट उतरून शनिवारवाड्यासमोर तो पहिला आला आणि लोकांनी त्याला खांद्यावरच घेतलं. आई मथुराबाई ओवाळायला पुढे झाल्या. बाईंचाही ऊर भरून आला. पण गेनबा नऊच सेकंदांनी मागून पोचला होता. म्हणजे श्रीधर सहा सेकंदांनी हरला होता, आणि हे एकट्या बाईंना ठाऊक होतं.

त्यांनी कागद आयोजक श्यामसुंदररावांपुढे धरला. ते हळूच म्हणाले, “अहो, सहा सेकंदांचं काय घेऊन बसलात? लोकांनी ठरवलंय.”

“लोकांनीच ठरवायचं होतं, तर मला चार दिवस उन्हात कशाला बसवलंत?” असं म्हणून बाई सरळ माइकपाशी गेल्या.

गेनबाचं नाव ऐकून मैदानात कुजबुज उठली. “सख्खी बहीण ना हो ही?” कुणीतरी मोठ्याने विचारलं.

श्रीधर खाली उतरून आला. “ताई, पुन्हा मिळवून बघ.”

बाईंनी त्याच्यासमोर पुन्हा बेरीज केली. उत्तर तेच आलं. त्याचे डोळे भरले, पण हुज्जत न घालता त्याने गळ्यातला हार काढला. भावाचा इतका अभिमान बाईंना कधी वाटला नव्हता.

मग गेनबा नमस्काराला वाकला. “बाई, कारखान्यात समदे म्हनत हुते, घड्याळ त्याच्या भैनीच्या हातात हाय, तू उगा कशाला दमतुयास?”

“मग कशाला दमलात?”

“माझी भाची तुमच्या वर्गात हाय. एका मार्कासाठी नापास केलीत तिला. तीच म्हनली, मामा, बिनघोर जा.”