वांगी रंगाची मोजडी

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा मला हेवा वाटायचा असं म्हटलं, तर ते फारच सभ्य होईल. जळायची मी. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी मी, मुलींच्या शाळेत अकरावी-बारावीला शिकवणार मी, आणि माझ्या हातून तुळससुद्धा धड जगायची नाही. वहिनी, म्हणजे ह्याच जाऊबाई, मॅट्रिक. पण त्यांनी वाळकी काडी खोचली तरी तिला पालवी फुटायची. "हिच्या हाताला गुण आहे हो," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. मी तिथेच बसलेली असले, तर माझ्याकडे बघून पुढे जोडायच्या, "आणि ही पुस्तकातलं सगळं जाणते." आता ह्याला काय कौतुक म्हणायचं?

आमचं गाव हिंदी मुलखातलं, तिथल्या फ्रीगंज भागात एकाच घरात वहिनी खाली, आम्ही वर. टॉवर चौकात तेव्हा दर महिन्याला नवं दुकान उघडत होतं, घरोघरी केबल येत होती. आमच्याकडे आली ऑर्किडं. वहिनींच्या भावाची बँकेतून सिलिगुडीला बदली झाली होती, त्याने तिकडच्या डोंगरातल्या नर्सरीतून पाच रोपं कुरियरने पाठवली. स्लिपर ऑर्किड. फुलाची खालची पाकळी चपलेच्या चवड्यासारखी फुगीर असते, म्हणून ते नाव. सासूबाईंनी त्याचं 'मोजडी' करून टाकलं.

ऐन पावसाळ्यातलं पार्सल, आत सगळा चिखल. पाचही लेबलं रोपांपासून सुटून तळाशी जमलेली. कुठलं कोणाचं, काही पत्ता नाही. वहिनींनी वर हाक मारली, "अगं, ये ना जरा, तुझ्याशिवाय कोणाला कळणार हे?" मी गेले, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. पानं दुमडून मी त्यांना दाखवलं, की पानाचं बूड बघायचं. बुडाशी वांगी रंगाचे ठिपके असले तर फूल रंगीत येणार. बूड निखळ हिरवं असलं तर फूल हिरवं-पांढरं, कारण रोपात तो रंगच नाही. चार रोपं चार लेबलांना बरोबर लागली. पाचव्याच्या बुडाशी ठिपके होते, आणि उरलेल्या लेबलावर आई-बाप दोन्हींच्या नावापुढे 'आल्बम' लिहिलेलं, म्हणजे दोन्ही पांढरे. मी म्हटलं, "हे लेबल ह्याचं नाही. नर्सरीवाल्यानेच गडबड केलीय." वहिनी म्हणाल्या, "असू दे, उरलंय तेच लावते," आणि खोचून टाकलं.

पुढे आपलं नेहमीचंच. ऑक्टोबरच्या उकाड्यात घरातला कूलर मोजड्यांसमोर, आणि भावजी बिचारे ओट्यावर पेपरने वारा घेत बसलेले. नळ एक दिवसाआड, तरी साठवलेलं पावसाचं पाणी फक्त त्यांच्यासाठी. त्यातलं एक रोप वहिनींनी मला दिलं. ते मी दिवाळीपर्यंत कुजवलं. वहिनी काही बोलल्या नाहीत, आणि त्याने मला जास्तच राग आला.

डिसेंबरात बारावीला आनुवंशिकता शिकवत होते. माझी पुतणी, वहिनींची मुलगी, पहिल्या बाकावर. स्वीट पीचं उदाहरण आलं, बागेतल्या सुवासिक मटाराचं. दोन पांढऱ्या फुलांच्या जातींचा संकर केला, तर पोरं जांभळी निघतात. मी दर वर्षी सांगते तसंच सांगितलं, रंग म्हणजे बासुंदी समजा. एका घरी दूध आहे, साखर नाही. दुसऱ्या घरी साखर आहे, दूध नाही. दोन्ही घरी बासुंदी होत नाही. पण मुलाला दोन्हीकडचं मिळालं की झाली बासुंदी! पोरी हसल्या. आणि खडू हातात धरून मी तशीच उभी राहिले. खालच्या मजल्यावरच्या पाचव्या कुंडीतलं लेबल बरोबर होतं. दोन पांढऱ्यांचंच ते रोप, आणि रंगीतच फुलणार होतं.

घरी येऊन सांगायला काय झालं होतं? एक वाक्य. नाही सांगितलं. म्हटलं, बघू फुलेल तेव्हा.

जानेवारीच्या शेवटी फुललं. अगबाई, काय रंग! वांग्यासारखा काळसर, चकचकीत, वर पांढऱ्या कडेची पाकळी. गल्लीतल्या बायका बघायला यायला लागल्या. वहिनी सगळ्यांना चहा-पोहे करून घालत होत्या. फेब्रुवारीत फुलांचं प्रदर्शन होतं. वहिनींनी आपणहून फॉर्म भरला, तोही 'नावासह संकरित जाती' ह्या गटात, जिथे नाव चुकलं तर एंट्री बाद. कप मिळाला तर माइकवरून त्यांचं स्वतःचं नाव पुकारणार होते. वीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच होणार होतं. त्या दिवशी त्यांनी लग्नातला शालू काढला. मी वरून बघितलं आणि त्यांच्याबरोबर जायला खाली उतरले.

परीक्षक म्हणजे बागायत खात्यातले निवृत्त साहेब, गुलाबांचे जाणकार. मोजडीपुढे ते बराच वेळ थांबले, मग वाकून लेबल वाचलं. "बहनजी, इसमें तो दोनों सफ़ेद लिखे हैं, और फूल बैंगनी? लेबल बदल तो नहीं गया?"

वहिनींनी माझा हात धरून मला पुढे केलं. "मेरी देवरानी एमएस्सी है, यही पढ़ाती है. इनसे पूछ लीजिए."

एवढंच सांगायचं होतं की लेबल बरोबर आहे. उत्तर जिभेवर होतं, बासुंदीसकट होतं. मी म्हटलं, "लेबल गलत है, सर. सफ़ेद और सफ़ेद से सफ़ेद ही आएगा."

साहेबांनी मान हलवली आणि कार्डावर काट मारली. वहिनींनी माझा हात सोडला नाही, उलट थोडा वेळ तसाच धरून ठेवला. ऑटोत म्हणाल्या, "चल, घरी जाऊन चहा टाकू." घरी आल्यावर त्यांनी लेबल उलटं केलं आणि मागे बॉलपेनने लिहिलं, 'नाव माहीत नाही.' कप एका डेलियाला मिळाला. मला बरं वाटलं. दोन दिवस अगदी छान वाटलं, मग जेवण जाईना.

चैत्रात वहिनी रोपं मोकळी करून नव्या कुंड्यांत लावत होत्या. त्या मोजडीचे दोन भाग झाले. एक त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "हे तुला. ह्या वेळी पाणी कमी घाल."

मी म्हटलं, "पण ह्याला नाव कुठंय?"

वहिनी हात धुऊन आत गेल्या आणि पुतणीची वही घेऊन आल्या. पान त्यांनी दुमडून ठेवलेलं होतं. स्वीट पी, सफ़ेद गुणिले सफ़ेद, बैंगनी. खाली पोरीने बासुंदीसुद्धा लिहिली होती. त्यावर लाल शाईने बरोबरची खूण, माझी सही आणि डिसेंबरातली तारीख.

"पोर अभ्यासाला बसायची, मी शेजारी भाजी निवडायची," वहिनी म्हणाल्या. "वाचून दाखवायची ती. म्हणून तर त्या गटात फॉर्म भरला. तिथे मीच सांगितलं असतं, पण माझं मॅट्रिकवालीचं कोण ऐकणार? म्हटलं, तू सांगशील."

त्यांनी कोरी पट्टी आणि पेन माझ्यापुढे सरकवलं.

"लिही. तुझं अक्षर चांगलं आहे. आणि घाबरू नकोस, घरात मी कोणाला बोलले नाही."

मी आई-बाप दोन्हींची नावं लिहिली. ह्या बाईने दोन महिने हे पोटात ठेवलं आणि वर मला रोप दिलं, मला हे सात जन्मांत जमलं नसतं. आणि काय सांगू, त्या घटकेला मला त्यांचा पूर्वी कधी वाटला नव्हता एवढा हेवा वाटला.