पेडलवर माझा पाय होता

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एक गाडीत बसून पेडल दाबतो आणि दुसरा चाकाशी बसून निप्पल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा बारीक पोकळ स्क्रू, उघडतो. खालचा म्हणतो, दाबा. वरच्यानं दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं. खालचा निप्पल सैल करतो, ऑइलबरोबर आतली हवा बुडबुड करत बाहेर येते, की तो निप्पल आवळतो आणि म्हणतो, सोडा. तेव्हाच पाय उचलायचा, आधी नाही. आधी उचललात तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. एवढंच शास्त्र आहे. चौथीतल्या पोरालाही जमेल. मला जमलं नाही, आणि त्यापायी एका माणसाचं गावातलं गॅरेज बसलं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी ती अजून गावात कुणाला सांगितलेली नाही.

गाव आमचं राजुरी. आमची भावकी मोठी, विहिरीवाल्या बागायती जमिनी, घराघरात एक तरी जीप नाहीतर ट्रॅक्टर. माझ्याकडे एक जुनी जीप होती. टोमॅटोची क्रेटं भरून ती नारायणगावच्या बाजारात न्यायची, येताना खताच्या गोण्या आणायच्या. ब्रेक मऊ लागायला लागले म्हणून मी ती स्टँडजवळच्या नव्या गॅरेजात नेली.

गॅरेजवाला मिस्तरी दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होता. बौद्ध वस्तीतला. शाळेत आम्ही एकमेकांना अरेतुरे करायचो, गणिताच्या पेपरात मी त्याचं बघून लिहिलंय. पुढे त्यानं आयटीआय केलं, पिंपरीकडे एका कारखान्यात काही वर्षं काढली आणि गावी येऊन पत्र्याची शेड टाकली. आल्यापासून तो मला भाऊ म्हणायला लागला होता आणि अहोजाहो करत होता. मी मात्र अरेतुरेवरच राहिलो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

शेड नवी असल्यानं त्याचं सगळं अजून लोकांच्या बोलण्यावर चाललं होतं. सुरुवातीला आमच्या भावकीतलं कुणी त्याच्याकडे जाईना, सगळे आळेफाट्याला जायचे. मग एकदोघांनी ट्रॅक्टर आणून पाहिले, काम चोख निघालं, आणि हळूहळू गाड्या यायला लागल्या. तेव्हा तो मला म्हणाला होता, की भाऊ, तुमच्या घरची गाडी आली म्हणजे बाकीचे येत्यात. मला ते ऐकून लई भारी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी त्यानं पुढच्या चाकांचे ब्रेक सिलिंडर बदलले. हवा काढायला दुसरा माणूस नव्हता म्हणून मला म्हणाला, तुमीच बसा. मी बसलो. मागची दोन चाकं झाली, पुढचं उजवं झालं. तो खालून दाबा म्हणायचा, मी दाबायचो. धरा म्हणायचा, मी धरायचो. शेवटचं, पुढचं डावं चाक सुरू होतं तेवढ्यात माझे चुलते तिथून निघाले होते ते थांबले. भावकीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांच्याबरोबर आणखी दोघं होते. चुलते शेडच्या तोंडाशी उभं राहून थोडा वेळ बघत राहिले आणि मग हसत म्हणाले, "काय राव, आज त्यांनी दाबा म्हणायचं आन् तुमी दाबायचं व्हय?"

दोघं हसले. मीही हसलो. आणि हसता हसता पाय उचलला.

जाणूनबुजून उचलला का, असं मी स्वतःला किती वेळा विचारलंय. काम बिघडवायचं म्हणून नव्हता उचलला, एवढं नक्की. पण मी कुणाच्या हुकमाचा बांधील नाही, मनात येईल तेव्हा पाय काढीन, असं काहीतरी त्या पायात होतं. खाली निप्पल उघडाच होता. मिस्तरीनं डोकं वर काढलं आणि विचारलं, "भाऊ, पाय हलला का?"

मी म्हणालो, "नाही."

त्यानं पुन्हा एकदा हवा काढून बघू का म्हणून विचारलं. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, की झालं ना आता, किती वेळ चिवडत बसणार, मला क्रेटं भरायचीत. चुलते ऐकत होते. त्यानं निप्पल आवळला आणि हात पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भरलेली जीप घेऊन निघालो. मळ्यातून स्टँडकडे येताना उतार आहे. ब्रेक दाबला तर पेडल खाली खाली जातंय आणि मागून असा आवाज, पत्र्यावर कुणी खिळा ओढावा तसा. दोनदा, तीनदा दाबलं. आवाज वाढला, गाडी काही थांबेना. शेवटी गिअर टाकून, हँडब्रेक ओढून जीप थांबली ती रसाच्या गुऱ्हाळाच्या बांबूला नाक लावून. आत बसलेल्या दोन बायका ग्लास टाकून पळाल्या. कुणाला लागलं नाही. पण माणूस घाबरला की त्याला कुणीतरी दोषी लागतं.

समोरच्या हॉटेलातून सगळे धावत आले. चहा पिता पिता ब्रेकचे डॉक्टर सगळेच असतात. कुणी म्हणालं शू झिजलेत, कुणी म्हणालं ड्रममध्ये खडा गेलाय, कुणी म्हणालं ऑइलच बनावट. आवाज मागून आला होता म्हणून सगळे मागच्या चाकांशी वाकले होते. माझ्या मनात तेव्हाच आदल्या दिवशीचा पाय येऊन गेला. आला आणि मी तो झटकला. त्यात चुलतेही होते. त्यांनी विचारलं, काम कुणाकडं केलं? त्यांना ठाऊक होतं की. तरी सगळ्यांसमोर विचारलं. आणि मी, त्याच्याबरोबर एका वर्गात बसलेला मी, सगळ्यांसमोर म्हणालो, "त्याच्या हातात ब्रेक दिला आन् आज मेलो असतो."

चुलते म्हणाले, की शिकून यंत्र कळत नसतं, ते हातात असावं लागतं, आणि ते ह्यांच्या हातात कुठलं यायला. मी मान हलवली. ती मान मला आजही आरशात दिसते, आणि तिला थोबाडीत मारावीशी वाटते.

दुपारी मिस्तरी स्वतः आमच्या घरी आला, पान्यांची पिशवी घेऊन. त्याच्या कानावर गेलं होतंच. वाद घातला नाही की आवाज चढवला नाही. मी तरी चढवलाच. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, गाडी हळू चालवा, त्या आंब्यापर्यंत नेऊन आणा, मधेमधे ब्रेक दाबा. मी जीप चालवत होतो आणि तो शेजारून कान देऊन चालत होता. मागून तोच आवाज आला. मी म्हणालो, बघ, मागचं काम बिघडवलंस तू. गाडी थांबल्यावर त्यानं चारी चाकांजवळ तळहात धरून बघितला आणि मला म्हणाला, तुमीबी बघा.

मागची दोन्ही चाकं भाजत होती. पुढची थंडगार.

मग त्यानं समजावून सांगितलं, शाळेत गणित सांगायचा तसंच, न चिडता. पुढच्या नळीत हवा अडकलीय म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना ब्रेक लागतच नाहीत, सगळा भार मागच्यांवर पडतो, वर क्रेटांचं वजन, म्हणून ती तापतात आणि ओरडतात. ओरडणारं चाक चांगलं आहे, गप्प आहे त्यात खोट आहे. एवढं बोलून तो पुढच्या डाव्या चाकाशी बसला. माझी बायको ओट्यावर होती. तिला म्हणाला, वहिनी, जरा येता का, पेडल दाबायचंय. मला बसा म्हणाला नाही.

बायको बसली. त्यानं सांगितलं तसं तिनं दाबलं, धरलं. निप्पल सैल केल्याबरोबर ऑइलमधून हवेचे बुडबुडे भसाभस आले. त्यानं माझ्याकडे बघितलं. अंगणात आम्ही तिघंच होतो, तरी आवाज खाली आणून म्हणाला, "ह्या चाकाला तुमचा पाय उठला व्हता, भाऊ. मला कालच कळलं व्हतं. ऑइल मागं वढलं गेलं, ते दिसतं."

मी म्हणालो, मग काल बोलला का नाहीस? किती निर्लज्ज प्रश्न. तो म्हणाला, विचारलं की. तुमी न्हाई म्हणालात.

हवा निघाली. गाडी पुन्हा आंब्यापर्यंत जाऊन आली. पेडल टणक, आवाज बंद. त्यानं पिशवी उचलली, पैसे नको म्हणाला, आणि जाता जाता एकच मागणं मागितलं. "हाटेलात एकदा सांगा, भाऊ. माझा पाय उठला व्हता म्हणा, एवढंच. तुमच्या तोंडून आलं म्हणजे मिटंल."

मी म्हणालो, उद्या सांगतो.

उद्या गेलो. चुलते बसले होते. म्हटलं, ते उठले की सांगू. ते उठले तर दुसरे आले. परवा पाऊस होता. मग गावात लग्न निघालं, मग टोमॅटोचा भाव पडला. बायको रोज विचारायची, सांगितलंत का? मग तीही विचारायची थांबली. तिनं विचारणं थांबवलं ते मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. मी काय सांगणार होतो? की मिस्तरीनं दाबा म्हटल्यावर मी दाबत होतो आणि तुम्ही हसलात म्हणून माझा पाय उठला? चार माणसांत हे बोलायला जीभ रेटेना.

तोवर ट्रॅक्टर पुन्हा आळेफाट्याला जायला लागले होते. शेडसमोर एखादी सायकल नाहीतर मोटारसायकल दिसायची, मग तीही दिसेना. दिवाळीनंतर एका दुपारी तो टेम्पोत कॉम्प्रेसर चढवत होता. एकट्याला झेपत नव्हता. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. मदतीला जावं म्हणून दोन पावलं टाकली, तेवढ्यात त्यानं मला बघितलं आणि कॉम्प्रेसर खाली ठेवून ड्रायव्हरला हाक मारली. मी तसाच मागे फिरलो.

दहाबारा वर्षं गेली. सासुरवाडीच्या जमिनीच्या उताऱ्यासाठी मी घोडेगावच्या तहसील कचेरीत गेलो होतो. येताना अवसरी खुर्दकडे वळलो. मिस्तरीचं गॅरेज तिकडे आहे आणि बरं चाललंय, असं कुणीतरी सांगितलं होतं. चाललं होतंच. कॉलेजच्या पोरांच्या मोटारसायकली रांगेत उभ्या, दोन चारचाकी आत. तो पिकला होता, चष्मा लागला होता. मला ओळखून खुर्ची दिली, चहा मागवला. भाऊच म्हणाला.

मी वाटेत सगळं जुळवून आणलं होतं. पोरं जरा लांब गेल्यावर म्हणालो, की त्या वेळी चूक माझी होती, मी पाय उचलला, मी खोटं बोललो, तुझं नाव खराब केलं, मला माफ कर.

तो रागावला नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "हे मला कशाला सांगताय, भाऊ? मला तर त्याच दिवशी म्हाईत व्हतं. ज्यांना म्हाईत नाय, त्यांना सांगायचं व्हतं."

एवढं बोलून तो कामाला लागला. मी चहा संपवून निघालो.

दुसऱ्या सकाळी मी ठरवून स्टँडवरच्या हॉटेलात गेलो. चुलते थकले होते, पण बसलेले होते. बिबट्यानं कुणाची तरी शेळी नेली होती, त्यावर बोलणं चाललं होतं. मला जागा करून दिली. मी दोनदा खाकरलो. चुलत्यांनी विचारलं, काय रे, घसा बसलाय का? मी हो म्हणालो, चहा प्यालो आणि घरी आलो. पुढे चुलते गेले. हॉटेल अजून आहे, त्या दिवशीचे तीनचार जण अजून तिथे बसतात. मीही रोज बसतो.

आता हे सगळं लिहून काढलंय. पण हे छापून आलं तरी शहरातली माणसं वाचतील. आमच्या हॉटेलात पुस्तक कुणी उघडत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे म्हणूनच एवढं न अडखळता लिहिता आलं.