सात घरच्या घागरी

दारू सोडवणाऱ्या केंद्रात मी नोकरीला लागले तेव्हा दारूतलं मला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. वय चोवीस, हातात समाजकार्याची पदवी आणि नाकावर कायम राग. सुरतेत प्लेगची साथ येऊन गेली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची ही गोष्ट. माणूस केंद्रात पंधरा दिवस राहायचा, अंगातलं विष उतरलं की घरी जायचा, आणि मग तो माझ्या वाट्याला यायचा. वर्षभर दर आठवड्याला त्याच्या दारात हजर व्हायचं. बायकोशी बोलायचं, कारखान्यातल्या मुकादमाला भेटायचं, गोळ्या चालू आहेत का बघायचं, जुने दोस्त पुन्हा चिकटलेत का ते हेरायचं. आता या कामाला केस मॅनेजमेंट असं भारदस्त नाव आहे म्हणे. आम्ही घरफेरी म्हणायचो.

माझ्या बहुतेक घरफेऱ्या भेस्तानच्या बाजूला. तिथल्या एका चाळीत सगळी खानदेशातून आलेली घरं होती. पुरुष लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आणि बायका दारात बसून साड्यांचे सुटे धागे कापायच्या. लूमच्या खडखडाटामुळे तिथे प्रेमाचं बोलणंसुद्धा ओरडूनच व्हायचं. आमचं घर मूळचं धुळ्याकडचं, त्यामुळे अहिराणी मला समजायची; बोलताना मात्र मी शाळेतलं मराठी सोडत नसे.

त्या चाळीतला एक लूम कारागीर माझ्या यादीत होता. पस्तिशीचा, अमळनेरकडच्या गावचा, मुळात मुखदुर्बळ. पाच महिने त्याने थेंब घेतला नव्हता. आमच्या डॉक्टरांनी त्याला आणि त्याच्या बायकोला समोर बसवून सांगितलं होतं, "लिव्हर अगदी काठावर आहे. पुन्हा प्यायलास तर माझ्या हातात काही उरणार नाही." म्हणजे हिशेब सरळ होता. तो प्यायला तर मरणार होता.

गुजरातेत दारूबंदी आहे, पण ती कागदावर. गल्लीबोळात पिशवीतली दारू मिळायची. म्हणून मी त्याच्याभोवती माणसांचं कुंपण घातलं होतं. मुकादमाने त्याला दिवसपाळी दिली. कोपऱ्यावरचा पानवाला त्याच्या जुन्या टोळक्याला ठेल्यापाशी उभं करीत नसे. बायको सकाळच्या चहाबरोबर गोळी द्यायची आणि तो गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. या कुंपणाचा मला भयंकर अभिमान होता. फॉर्मवर 'धोक्याच्या वेळा' असा रकाना असे, त्यात मी सुट्टीचा दिवस, पगाराची संध्याकाळ, सगळं लिहिलं होतं. आखाजी तेवढी लिहायची राहिली, आणि मी स्वतःला खानदेशची म्हणवत होते!

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरतात, वर खरबूज, आंबे आणि गोड सारणाची सांजोरी ठेवतात. त्याचा बाप आदल्या हिवाळ्यात गेला होता. वर्षाच्या आतली पहिली आखाजी, आणि तो एकुलता एक.

"मी गावले जासू," तो म्हणाला.

मी नाही म्हटलं. गाडी नवापूरला पोचली की महाराष्ट्र सुरू, तिथे बाटली उघड्यावर मिळते. पुढे गावात आखाजीचा पत्त्यांचा जुगार, जुने सोबती, आणि माझं कुंपण इकडे ऐंशी कोसांवर. मी त्याला सगळं बोटांवर मोजून दाखवलं.

तो खाली बघत म्हणाला, "मना बाप गया तव्हय मी पिईसन पडेल व्हतू. मयतले गऊ नही. आते घागर बी नही भरी, ते मी कसाना पोऱ्या?"

"इथे भरा. पाणी ते पाणी," मी म्हणाले. आणि जीभ सैल सुटली ती सुटलीच. "घागर भरली नाही म्हणून कुणाचं अडत नाही. आमच्या घरी चार वर्षं भरलेली नाही, काय बिघडलं?"

त्याच्या बायकोने कात्री थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी सायकल घेतली आणि निघाले.

पुढच्या फेरीला गेले तर त्याच्या दारात आंब्यांची टोपली, आणि तो भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होता. शेजारच्या विधवा मावशींना विचारलं. त्यांचा नवरा विषारी दारूनेच गेला होता. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझं डोकं फिरलं. चाळीत सात घरं अशी होती की गावी त्यांच्या घराला कुलूप, मागे कोणी नाही, त्यांच्या मेलेल्यांना पाणी द्यायला माणूस उरला नव्हता. त्या सातही घरांनी आपापली घागर याच्यावर सोपवली होती. एकेका घागरीसाठी दोन-दोन आंबे, आणि एकेक नाव. त्याला लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं, म्हणून तो नावं पाठ करत होता.

माझा पारा चढला. "मावशी, पाच महिन्यांचा माणूस आहे तो! त्याच्यावर ओझं टाकायचं नाही असं मी शंभरदा सांगितलंय. आणि परक्याच्या हातचं पाणी चालतं तरी का?"

"मरेल मानूसले तहान ऱ्हास, ताई. तो हात देखस का?" मावशी म्हणाल्या. मग कापलेले धागे मांडीवरून झटकत, जराही आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "तू त्याले सांभाळाले मानसं धुंडस. त्याले बी काही सांभाळाले दे ना."

मी तशीच चिडून घरी आले.

आखाजीच्या दोन दिवस आधी सकाळच्या पॅसेंजरला मी उधन्याहून चढले. कोणी सांगितलं नव्हतं. ऑफिसात पोट दुखतंय असं कळवलं होतं. तो पुढच्या डब्यात, मी मागच्या डब्यात. बारडोली गेलं, व्यारा गेलं, सोनगड गेलं. नवापूरला समोरून येणाऱ्या गाडीसाठी आमची गाडी रखडली. आणि खिडकीतून मला दिसलं, तो खाली उतरला होता.

टोपली त्याने डोक्यावर घेतलेली. फलाटावरून तो फाटकाकडे चालत गेला आणि तिथे थांबला. फाटकाबाहेर दुकान होतं, पाटी उघडी, बाटल्या रांगेत मांडलेल्या. मी उतरून एका खांबामागे उभी राहिले. हाक मारावी म्हणून पुढे झाले आणि पुन्हा मागे सरले. माझं कुंपण, माझे रकाने, माझी पदवी, यातलं काही त्या फाटकापर्यंत पोचत नव्हतं. तिथे तो एकटा होता.

मग त्याने एक हात टोपलीवरून काढला आणि अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवून मोजायला लागला. ओठ हलत होते. पाचव्या पेरावर अडकला, मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सात झाले. एक आठवं पेर त्याने दाबलं, ते बापाचं असणार. अंगातून घामाची धार लागलेली मला लांबूनही दिसत होती. आणि तो वळला. नळावर जाऊन घटाघटा पाणी प्यायला, तोंड धुतलं.

माणूस इतका मोठा असू शकतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही अंगावर काटा येतो. देवळात माझे हात सहजासहजी जोडले जात नाहीत, तिथे ते आपोआप जोडले गेले.

तेवढ्यात त्याने मला पाहिलं. "ताई, तुम्ही आठे?"

मी काय सांगणार? पाळत ठेवायला आले होते असं कबूल केलं. तो रागावला नाही. टोपली खाली ठेवून जरा घुटमळला. मग म्हणाला, "तुमना घर चार वरीस घागर भरेल नही, आशे तुम्ही सांगं व्हतं. नाव सांगा. आखो एक भरसू."

माझे वडील दारूने गेले होते. केंद्रात कोणालाही हे मी सांगितलं नव्हतं. कावीळ झाली होती, एवढंच सांगत असे. घरात आई म्हणायची, ज्याने जन्मभर बाटल्या रिकाम्या केल्या त्याची घागर कोण भरणार? आणि मला ते पटायचं. चार वर्षांत मी त्यांचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. त्या फलाटावर, ज्याची मी केस लिहीत होते त्या माणसाला, मी ते नाव सांगितलं. "दारूने गेले," हेही सांगितलं. त्याने मान डोलावली, बोटाचं आणखी एक पेर दाबलं आणि दोनदा नाव म्हणून दाखवलं. समोरची गाडी आली, तो डब्यात चढला. परतीच्या गाडीत मी सोनगडपर्यंत रडत होते.

आठव्या दिवशी तो ऑफिसात आला. सवयीने मी आधी वास घेतला, आणि माझीच मला लाज वाटली. तो उन्हाने काळवंडला होता, पण नजर स्वच्छ होती. कागदात बांधलेली एक सांजोरी त्याने माझ्या टेबलावर, उघड्या फॉर्मवरच ठेवली.

"तुमना बापनी घागर मना बापना जोडेच ठेवी," तो म्हणाला. "पानी पाजं त्याले, ताई. पोटभर."