बिनढेपेचा पान्हा

'सेंद्रिय' हा शब्द वहिनींनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांना तो 'शेंदरी' असा ऐकू आला. "शेंदरी तं बोंडात असते भाऊजी," त्या म्हणाल्या, "दुधात कुठून आली?" कपाशीच्या मुलखात जन्म गेलेल्या बाईला शेंदरी बोंडअळीच आठवणार. मी मात्र मनसोक्त हसलो. मी पुलगावच्या एका शाळेत कारकून आहे, आणि दुसऱ्याच्या शब्दातली चूक काढणं हा आमच्या नोकरीचा अर्धा पगार असतो.

गावातल्या सात घरांनी मिळून दुधाला सेंद्रियचं प्रमाणपत्र मिळवायचं, ही कल्पना माझ्या बायकोची. एका प्रशिक्षणातून ती हे डोक्यात घेऊन आली आणि दारोदार फिरून तिनंच सातही घरं गोळा केली. पहिलं घर वहिनींचं. माझ्या थोरल्या भावाची ही बायको. आमचं अंगण एक, गोठे दोन. या प्रमाणपत्राची गंमत अशी की गटातली माणसंच एकमेकांचे गोठे तपासतात आणि एकमेकांच्या कागदावर सह्या करतात. म्हणजे जावेचा गोठा जावेनं तपासायचा. यापेक्षा कडक तपासणी कुठल्याही सरकारला जमली नसती.

नियमांचं पुस्तक आलं. ते समजावून सांगायचं काम अर्थातच मी स्वतःकडे घेतलं. जनावराला मोकळं फिरू द्या, पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचू नका, इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी घसा खाकरून वाचलं, "जनुकीय बदल केलेल्या पिकांपासून तयार झालेले खाद्य देऊ नये."

"म्हंजे?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे बीटी."

"म्हंजे?"

"म्हणजे सरकीची ढेप बंद."

सरकीचं तेल काढून जो चोथा उरतो ती ढेप, आणि आमच्याकडची सरकी सगळी बीटी कपाशीचीच. दूध काढताना तोंडापुढं भिजवलेली ढेप नसली की आमच्याकडच्या गाई दूध चोरतात.

"मंग गाईपुढं ठेवाव काय?" वहिनी म्हणाल्या, "हे पुस्तक?"

बायकोनं उत्तर शोधलं. आमच्या बिनखताच्या तुकड्यात झालेल्या जवसाची ढेप आणि तुरीची डाळ करताना उरणारी चुनी. गाई नाराज झाल्या, दूध उतरलं, पण घरं गटात टिकली. ठरलेली मुदत चूक न करता काढली की प्रमाणपत्र. चूक झाली आणि कबूल केली, तर त्या जनावराचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. चूक लपवली आणि सापडली, तर सातही घरं बाहेर. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचून दाखवलं होतं, बोट उंच करून.

मुदत सरायला महिना उरला असताना बायको हिंगणीला बहिणीकडे लग्नाला गेली. चार दिवस. जाताना म्हणाली, "निंगन तेवढं काढजा. नाई निंगालं तं वासराले पिऊ देजा."

आमची गाय गवळाऊ जातीची, पांढरीशुभ्र आणि शिष्ट. पहिल्या सकाळी मी बादली घेऊन बसलो तर तिनं मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की मीच उठून पुन्हा हात धुऊन आलो. काही उपयोग झाला नाही. बादलीचा तळ जेमतेम झाकला. बाहेर वहिनी अंगण झाडत होत्या.

"भाऊजी, च्यापुरतं तरी हाये का? नाई तं आणून देतो वाटीभर."

हे मला लागलं. वाटीभर शब्दच जास्त लागला.

संध्याकाळी शाळेतून येताना नाचणगावात उतरलो आणि दुकानात हळूच म्हणालो, "दोन किलो ढेप द्या."

"दोन किलो?" दुकानदार म्हणाला. "गाय पाळली का ससा?"

"नमुना पाहिजे."

"मंग खाऊन पाहा," म्हणत त्यानं पुडा बांधला.

ढेप डब्याच्या पिशवीतून गोठ्यात गेली. वासानंच गाईचे कान पुढं आले, आणि त्यानंतर बादली कशी भरली ते मला कळलंदेखील नाही. बादली घेऊन घरात जायला सरळ रस्ता होता. मी वहिनींच्या दारावरून गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोचा फोन. "पान्हा देल्ला का?"

"भरपूर."

"काय केलं?"

"काही नाही. प्रेमानं बोललो तिच्याशी."

ती म्हणाली, "माह्याशी बोलता तसं?"

"त्याहून बरं."

ती इतकी हसली की मला स्वतःचा अभिमान वाटला. लग्नघरात तिनं ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. ती परत आली तेव्हा माझी कीर्ती तिच्याआधीच गावात पोचली होती.

वहिनींच्या गाईचं दूध ढेप सुटल्यापासून निम्म्यावर आलं होतं. त्या दुसऱ्याच सकाळी दारात आल्या. "काय बोलता भाऊजी, मले लिहून द्या."

इथं शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण कारकुनाला कुणी लिहून मागितलं की त्याचा हात थांबत नाही. मी चांगल्या कागदावर आठ ओळी लिहून दिल्या. त्यात 'वात्सल्य' हा शब्द दोनदा होता. दोन घरांनी त्याची नक्कल नेली. भिंतीपलीकडून रोज सकाळी वहिनींची कुजबुज ऐकू यायची, आणि मग अर्ध्या बादलीचा पोकळ आवाज. आठवड्यानं म्हणाल्या, "तुमचा कागद संपला. आता मी माह्या मनचं बोलून राह्यली. फरक नाई पडला, पण तुमी म्हणता तं पडंल."

शेवटच्या तपासणीला रविवारी सगळे आमच्या अंगणात जमले. आमचा गोठा तपासायची पाळी वहिनींची. त्या खाटेवरून उठल्यासुद्धा नाहीत.

"तुमचा काय पाहाव भाऊजी? नियम तं तुमीच शिकवले. द्या पेन."

पेन मीच दिलं. त्यांनी कागद मांडीवर घेतला, चष्मा सारखा केला आणि 'सर्व नियम पाळलेले आढळले' या ओळीखाली पहिलं अक्षर काढायला वाकल्या. ज्या बाईनं दूध निम्मं होऊ दिलं पण ढेपेचा खडा घातला नाही, तिच्या हातून मी खोटं लिहवून घेत होतो.

"वहिनी, थांबा."

मग मी सांगितलं. तीन दिवस, दोन किलो, डब्याची पिशवी. आठ ओळींचंही सांगितलं.

वहिनींनी पेन खाली ठेवलं. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडताहेत. पण त्यांचे खांदे हलत होते ते हसण्यानं, आणि हसता हसता खाट करकरत होती.

"अवो, महिनाभर मी त्या गाईले सासरचं सारं सांगून टाकलं! लग्नातलं मानपानबी नाई सोडलं! आता तिचं तोंड कोन बंद करंल?"

अख्खं अंगण हसलं. मीही हसायला लागलो, आणि बायकोकडे पाहून थांबलो. ती हसत नव्हती. प्रमाणपत्र आल्यावर वर्ध्याच्या प्रदर्शनात आपल्या गाईचं तूप मांडायचं म्हणून तिनं बरण्या धुऊन उन्हात ठेवल्या होत्या.

तिनं कागद वहिनींच्या मांडीवरून उचलून माझ्यापुढं ठेवला. "आपल्या गाईचे दिवस पयल्यापासून लिहा. बाकीच्या साही घरच्या सह्या आजच होऊ द्या."

मी लिहायला बसलो. नियमभंग: सरकीची ढेप. दिवस: तीन. कारण या रकान्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'अपरिहार्य कारणास्तव'.

तिनं खांद्यावरून वाचलं. "त्यात काय अपरिहार्य होतं? मी तं वासराले पाजा म्हणलं होतं. दूध कोनी मागतलं होतं तुमाले?"

मी पेनाला टोपण लावायला लागलो.

"खोडा ते," ती म्हणाली. "लिहा, 'लाज वाटली म्हून'."

मी खोडलं आणि लिहिलं. कागद जिल्ह्याला जायचा होता, तेव्हा 'म्हून'चं तेवढं 'म्हणून' केलं.