काकूंनी शिवलेल्या पिशव्या

सकाळी ऑफिसला निघत होतो आणि काकूंचा फोन आला. "मंदार गेला रे," एवढंच म्हणाल्या. मग, "त्याची सॅक तशीच दारात आहे..." त्याला आता काही आठवडे झाले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही दोनदा उठून उगाच गॅरेजपर्यंत जाऊन आलो.

मंदार पुण्याचा, मी ठाण्याचा. इथे परदेशात, पामर्स्टन नॉर्थ या गावी, एकाच ऑफिसात भेटलो. २०१२च्या सुमारास तो इथल्या मित्रांबरोबर हरणांच्या शिकारीला जायला लागला आणि मलाही ओढलं. पहिल्या खेपेला मी सॅक गच्च भरली होती, भारतात जाताना बॅगा भरतो तशी. त्यानं ती सरळ कार्पेटवर उपडी केली. जीन्स बाहेर, जाड टॉवेल बाहेर, चिवड्याचा डबाही बाहेर. चिवडा तेवढा पिशवीत ओतून घेतला. लोकरीचे कपडे, रेनकोट, नारिंगी जाकीट, औषधं आणि संकटात सिग्नल पाठवणारा बीकन, एवढंच परत आत गेलं. "अर्धी रिकामी पाहिजे. येताना मांस काय डोक्यावर घेणार आहेस?" सॅक उचलून बघत इथल्या लोकांसारखं म्हणाला, "आता स्वीट ॲज, एकदम मस्त." मला रागच आला होता. पण रुआहिनेच्या डोंगरात भर दुपारी गारा पडायला लागल्या तेव्हा मुकाट्यानं लोकरीचा शर्ट चढवला.

मांसाला सुती पिशव्या लागतात, प्लॅस्टिकमध्ये ते लवकर खराब होतं. मंदारच्या पिशव्या त्याच्या आईनं, म्हणजे काकूंनी, काकांच्या जुन्या धोतरांच्या शिवल्या होत्या. काका गेल्यापासून काकू दर वर्षी काही महिने त्याच्याकडे राहायच्या. पक्क्या शाकाहारी. "शिवून देते, पण परत माझ्या डोळ्यांसमोर आणायच्या नाहीत." त्यामुळे मांस माझ्या फ्रीझरमध्ये जायचं आणि मंदार पिशव्या बाहेर नळावर धुवायचा.

गेल्या वर्षी त्याला पोटाचा कॅन्सर निघाला. तरी यंदा एप्रिलमध्ये, माजावर आलेल्या नरांच्या आवाजानं डोंगर घुमतो तेव्हा, जायचंच असं त्यानं धरलं होतं. मी भेटायला जावं तर सॅक कार्पेटवर पालथी. दर वेळी त्याला थोडं कमी झेपायचं आणि एकेक वस्तू माझ्याकडे यायची. "तंबू तू घे." मग, "स्टोव्हपण तूच घे रे..." मी हो हो म्हणायचो आणि आतून चिडायचो, कुणावर ते कळायचं नाही. शेवटी त्याच्याकडे बीकन आणि पिशव्याच उरल्या. मी हात पुढे केला तर म्हणाला, "राहू दे. तेवढं उचलेन मी." मार्चमध्ये तो गेला.

काकू आता पुण्याला परत निघाल्यात. परवा गेलो तर त्यांनी सॅक माझ्यापुढे ठेवली.

"जाणार आहेस ना?"

"त्याच्याशिवाय नको वाटतं, काकू."

काकू सॅकमधल्या पिशव्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा सारख्या करत राहिल्या. "जाऊन ये. मी निघायच्या आत ये. आणि पिशव्या बाहेर धुवू नकोस, इकडे घेऊन ये... मी धुईन."

शनिवारी निघतोय. माझी सॅक घरीच ठेवणार आहे. तंबू, स्टोव्ह, त्यानं दिलेलं सगळं त्याच्या सॅकमध्ये परत भरलं, वर पिशव्या ठेवल्या. अजून ती अर्धी रिकामी आहे.