दाजींची सुतळी

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवला नाही. ठेवला तो फक्त सुतळीवर. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मूळचे लासूर स्टेशनचे, आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडमध्ये जेट पंप बनवणारे. दर हाताला एक गाठ मारलेली सुतळी त्यांच्या खिशात कायम असायची, आणि ती ताणताना दुसरं टोक धरायला कायम मी. "टोक धर. ढील नको देऊ," एवढंच बोलायचे. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर चहा यायच्या आत त्यांनी मुलीच्या वडिलांना विचारलं, "टाकी किती उंचावर हाय?" ते बिचारे गोंधळून म्हणाले, असेल वीस फूट. दाजींनी मला भर बैठकीतून उठवून जिन्यात उभं केलं. टाकी तेवीस फुटांवर निघाली. लग्न जमलं, पण सासरे पुढं जन्मभर माझ्यासमोर आकडा म्हणून काढायचे नाहीत.

जेट पंपात फिरणारं काही नसतं. जोराचं पाणी बारीक नोझलमधून सोडायचं, की ते बाजूच्या तोंडातून गाळ ओढून घेतं आणि दोन्ही मिळून एका अरुंद घशातून पुढं जातं. नोझल केवढं, घसा केवढा, हे ठरवण्यातच दाजींची हयात गेली. ताट वाढलेलं असायचं आणि हे वरणाच्या वाटीशेजारी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडून बसलेले. ताई वैतागून ताट झाकून ठेवायची.

पक्की नोकरी सोडून त्यांनी शेड टाकली, तेव्हा पहिली मोठी ऑर्डर मिळाली ती मी स्टोअरकीपर होतो त्या कारखान्याची. तिथल्या खड्ड्यातल्या रेताड गाळानं साधे पंप महिन्याभरात झिजून जात. दाजींनी मापं घेतली, पंप बसवला, पाणी सोडलं. गाळ ओढायचं राहिलं बाजूला, त्या तोंडातून उलट पाणीच खड्ड्यात पडायला लागलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत चालला नाही, तर उचलून न्या." वसाहतीत अशी बातमी पसरायला चहाची एक फेरी पुरायची, मग दाजींना काम कोण देणार होतं?

दाजींनी सुतळी काढली. "टोक धर." गाळ बाहेर टाकणाऱ्या पाइपाच्या कडेकडेनं आम्ही कुंपणापर्यंत गेलो, आणि तिथं आधीच्या मापापेक्षा गाठी सहा जास्त भरल्या. मापं घेतल्यानंतर मधल्या काळात, बडे पाहुणे येणार, त्यांना घाण दिसू नये म्हणून कुंपणाची भिंत उंच बांधली होती आणि पाइप गुपचूप तिच्यावरून नेला होता.

"मग आता भिंत पाडू का?" साहेब म्हणाले.

"भिंत राहू द्या, साहेब. घसा बारीक करतो."

म्हातारा फिटर हसला. "आधीच कोंडलंय, अन् तुम्ही अजून आवळता व्हय?"

"लई ओढून उपेग नाय, बाबा. थोडं ओढंल, पण भितीपल्याड नेऊन टाकंल."

शेडमध्ये लेथवर पितळी बुश, म्हणजे आत बसणारी बारीक नळी, कातून घशात बसवला. व्हॉल्व्ह उघडला. दाजींनी तळहात पंपाच्या बाजूच्या तोंडाला लावला आणि तो असा चिकटला, की ओढून काढावा लागला. तोंड गाळात सोडलं. क्षणभर काहीच नाही. मग भिंतीपलीकडं काळा गाळ धबाधबा पडायला लागला. ऊन उतरायच्या आत खड्ड्याचा तळ दिसला, आणि साहेबांनी आणखी तीन पंप सांगितले. फिटर लोकांनी दाजींना खांद्यावर घेतलं, तर हे वरून मला म्हणतात, "टोक धर रे, किती उंच आलो बघू." सुतळी खाली सोडली सुद्धा! मी हसत होतो आणि रडतही होतो, खोटं कशाला सांगू.

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा मी घरावर मजला चढवला, तर पाणी वर येईना. प्लंबर म्हणाला, मोठा पाइप टाका. मी त्याला थांबवलं, ताईकडून सुतळी मागून आणली आणि गच्चीवर जाऊन कठड्यावरून खाली सोडली. दुसरं टोक वाऱ्यावर हलत राहिलं. मी मात्र सवयीनं माझं टोक घट्ट धरून उभा होतो, ढील न देता.