नानांची फळी आणि माझी सही

किसननानांची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या अंगठ्यामुळे. नव्वदच्या दशकात पेठजवळच्या आमच्या दूध प्रकल्पात मी नवा केमिस्ट म्हणून रुजू झालो, तेव्हा नाना दूध गार करणाऱ्या अमोनिया प्लांटचे ऑपरेटर होते. त्यात निघणारी उष्णता पाण्यावाटे बाहेर टाकणारा कूलिंग टॉवर त्यांच्या ताब्यात होता. टॉवरच्या हौदात त्यांनी दोरीने एक लाकडी फळी सोडलेली असे. दर सोमवारी ती वर ओढायची, तिच्यावरून अंगठा फिरवायचा आणि बुळबुळ किती धरली ते सांगायचे, ही त्यांची पद्धत. मी पुण्याहून पदवी घेऊन आलेलो. मला हसू आवरले नाही.

नाना रागावले नाहीत. "पान्यातलं जंतू औषधानं मरत्यात, सायेब," ते म्हणाले, "पन नळीला चिकटून बसल्यालं मरत न्हाईत. त्येंच्यावर लई जाड साय असती." जंतुनाशकेही ते आलटून पालटून घालत. शिनोलीला त्यांची शेती. एकच फवारा मारत राहिले की कीड सरावते, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नव्हते. माझे जेवणाचे हाल पाहून ते दुसऱ्या आठवड्यापासून दोघांपुरत्या भाकऱ्या बांधून आणू लागले. दोन एसट्या बदलून ते गाठोडे चार महिने माझ्यासाठी येत होते. ते अन्न खाऊन मी काय केले, ते आता सांगतो.

एका चैत्रात फळी फारच बुळबुळीत लागली. एक दिवस प्लांट बंद ठेवू, टॉवरचे पाणी ज्याच्या नळ्यांतून फिरते तो कंडेन्सर उघडून नळ्या ब्रशने घासू, असा नानांनी हट्ट धरला. मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे पाण्याचा रिपोर्ट मागितला. मी हौदातून बाटली भरली, तीही औषध घातल्यावर तासाभराने. त्या पाण्यात जंतू सापडणार कुठून? 'पाणी समाधानकारक' असे लिहून मी सही ठोकली. कंडेन्सर उघडण्याचा बेत रद्द झाला.

आठवड्याने भर उन्हात प्रेशर वाढून कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा बंद पडू लागला. दोन टँकर दूध नासले, ओतून द्यावे लागले. कंडेन्सरचे झाकण काढले तेव्हा मी तिथेच उभा होतो. नळ्यांना आतून खरवसासारखा चिकट थर बसला होता. नानांनी माझ्याकडे एकदा पाहिले.

चौकशीत माझा रिपोर्ट पुढे आला. पाणी तर चांगले होते, मग नंतर ऑपरेटरनेच औषध घातले नसणार, असे ठरले. माझा नमुना चुकीच्या जागचा आणि चुकीच्या वेळचा होता, एवढे एक वाक्य मी बोलायला हवे होते. पण मला नोकरीत कायम व्हायचे होते. मी मूग गिळून बसलो. नानांच्या सेवापुस्तकात 'निष्काळजी' असा शेरा पडला आणि त्यांची रवानगी दूध उतरवण्याच्या धक्क्यावर कॅन ओतायला झाली. निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. घोडेगावच्या बाजारात लोक त्यांना विचारत, "नाना, आज किती नासवलं?"

तरीही टॉवर माझ्याकडे आल्यावर नाना आपली पाळी संपवून आले आणि फळी कुठे, किती खोल बांधायची ते दाखवून गेले. "भांडान आपलं आपल्यात," ते म्हणाले. "मशिनीनं काय केलंय?" पुढे त्याच फळीवर मी पुण्यात एका परिसंवादात निबंध वाचला आणि टाळ्या घेतल्या. निबंधात नानांचे नाव नव्हते.

आता त्यांच्या साठीनिमित्त प्रकल्पातल्या जुन्या सहकाऱ्यांकडून हा गौरव अंक निघतो आहे. आठवणी गोड असाव्यात, असे संपादकांनी कळवले आहे. त्या चौकशीला बसलेल्यांपैकी दोघे याच अंकात नानांच्या कर्तव्यनिष्ठेवर लिहीत आहेत. त्यांना लाज वाटत नसेल तर त्यांचे ते जाणोत. मला माझी वाटते.

लेखाच्या निमित्ताने गेल्या महिन्यात शिनोलीला गेलो. चहा झाल्यावर कसाबसा विषय काढला आणि माफी मागितली.

"इतकी वर्सं रोज धक्क्यावरनं जाताना रामराम घालायचा तुमी," ते म्हणाले. "तवा एक शबूद न्हाई काढला. आन् आता हितं माज्या ओसरीवर गुपचूप माफी मागताय व्हय? आदी लिवा. समद्यांना वाचू द्या. मग सांगतो, माफ करायचं का न्हाई."

म्हणून लिहितो. त्या चैत्रात किसननानांची काहीही चूक नव्हती. चूक माझ्या रिपोर्टची होती, आणि ती मला कंडेन्सरचे झाकण निघाले त्याच क्षणी कळली होती.

नानांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, अशी प्रार्थना इतरांप्रमाणे मीही करतो. माझ्या प्रार्थनेत मात्र स्वार्थ आहे. अंक छापून झाला की पहिली प्रत घेऊन मी शिनोलीला जाणार आहे. नाना ती वाचतील आणि मला उत्तर देतील. ते उत्तर 'न्हाई' असले, तरी ते देणारे नाना मला समोर हवे आहेत.